मृगवन, तपोवन आणि कन्हानचा काठ

१/ रान हाकेच्या अंतरावर असावे, शिकार मुबलक मिळावी आणि त्याच मुलखात कवी, शिल्पी, विणकर यांनाही स्वस्थपणे काम करता यावे, असा प्रदेश निवडायचा झाला तर तो ओळखावा कसा? आज हा प्रश्न हौसेचा वाटेल. एके काळी तो राज्यकारभाराचा प्रश्न होता. नागपूरच्या उत्तरेस खापा ते रामटेक या पट्ट्यात त्याला वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे मिळाली. त्या उत्तरांचा हा धागा आहे. शेवटी माझे मतही मांडणार आहे.

२/ आधी भूगोल. खापा हे सावनेर तालुक्यातील गाव कन्हान नदीच्या काठावर वसले आहे. कन्हान छिंदवाड्याकडच्या सातपुड्यातून उतरते आणि पुढे वैनगंगेला मिळते. गावाच्या उत्तरेस डोंगर आणि जंगल, दक्षिणेस शेतजमीन आणि नागपूरची बाजारपेठ. पूर्वेस सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटरवर रामटेकचा डोंगर. डोंगर आणि मैदान, रान आणि शेत यांच्या सांध्यावरचा हा मुलूख आहे.

३/ अशा सांध्यावरच्या जमिनीचे काय करावे, याचा विचार कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आहे. प्रकरणाचे नाव ‘भूमिच्छिद्रविधान’, म्हणजे नांगराखाली न येणाऱ्या भूमीची व्यवस्था. अशा भूमीवर गुरांसाठी कुरणे सोडावीत, वेदाध्ययनासाठी आणि तपस्व्यांसाठी अरण्ये द्यावीत, असे तेथे सांगितले आहे. त्या अरण्यांतील प्राण्यांना आणि वृक्षांना अभय असावे. त्याच्या लगेच पुढे राजाच्या विहारासाठी मृगवन राखण्याची सूचना येते.

४/ या मृगवनाचे वर्णन मुळातून वाचण्यासारखे आहे. ते तपोवनाएवढ्याच विस्ताराचे असावे, त्याला एकच प्रवेशद्वार असावे, भोवती खंदक असावा. आत ठेवलेल्या हिंस्र श्वापदांची नखे आणि दात काढलेले असावेत! हाच ग्रंथ पुढे शिकारीची गणना राजांच्या व्यसनांत करतो आणि तिच्यामुळे होणारा व्यायामाचा लाभही नोंदवतो. शिकार हवी, पण कुंपणात. विद्याही हवी, पण तिच्या हद्दीत बाण चालणार नाही. शेजार आहे, सरमिसळ नाही.

५/ आता पुस्तकातून जमिनीवर येऊ. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांत वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी नंदिवर्धन येथे होती. रामटेकजवळचे आजचे नगरधन म्हणजेच ते नंदिवर्धन, असे अभ्यासक मानतात. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिने येथून राज्याचा कारभार पाहिला. तिचा एक ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला आहे, तर ऋद्धपूरचा ताम्रपट रामगिरीस्वामींच्या पायाशी दिलेला आहे.

६/ हा निव्वळ लष्करी तळ नव्हता. प्रभावतीगुप्तेचा पुत्र दुसरा प्रवरसेन हा स्वतः कवी होता. माहाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ हे महाकाव्य त्याच्या नावावर आहे. रामटेकवर केवल नरसिंहाचे मंदिर उभे राहिले. जवळच्या मनसरला सापडलेली बुटक्या, भरल्या अंगाची शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. रानाच्या काठावर राहून या दरबाराने जे घडवले, ते कोणत्याही महानगराला शोभले असते.

७/ कालिदास येथे येऊन राहिला होता का? ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. काही अभ्यासक रामगिरी छत्तीसगडात शोधतात. तो वाद बाजूला ठेवू. आपल्या प्रश्नासाठी ‘शाकुंतल’ अधिक उपयोगी आहे, कारण त्या नाटकाचा पडदा उघडतो तोच शिकारीवर.

८/ दुष्यंत हरणामागे रथ दौडवत येतो आणि तपस्वी त्याला थांबवतात. हे हरीण आश्रमाचे आहे, ते मारायचे नाही. राजा बाण उतरवतो. दुसऱ्या अंकात विदूषक शिकारीच्या दगदगीला कंटाळलेला दिसतो. सेनापती मात्र शिकारीने शरीर कसे चपळ होते, याचे गुणगान करतो. राजा शिकार स्थगित करतो आणि सैनिकांनी तपोवनाला त्रास देऊ नये अशी आज्ञा देतो. बाण थांबल्यावरच या नाटकाची खरी कथा सुरू होते.

९/ काव्यातला राजा थांबला, पण प्रत्यक्षातले राजपुरुष थांबत होते का? वाकाटकांच्या दानपत्रांत दान दिलेल्या गावांना मिळणाऱ्या सवलतींची यादी असते. फिरतीवरच्या अधिकाऱ्यांना जनावरांसाठी गवत, बसायला कातडी, जाळायला कोळसा पुरवण्यापासून या गावांना मुक्ती आहे, असे त्यांत म्हटले आहे. सवलत वेगळी कोरून द्यावी लागत होती, याचा अर्थ सवलत नसलेली गावे हे सारे पुरवत होती.

१०/ मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. ‘निसर्गरम्य आणि कलासंपन्न’ प्रदेशाचा खर्च नेहमीच कोणीतरी उचललेला असतो. महाकाव्यावर राजाचे नाव राहते. गवत, कातडी आणि कोळसा देणाऱ्याचा उल्लेख ताम्रपटाच्या एका सामासिक शब्दात दडून जातो.

११/ आता अनेक शतके ओलांडून गोंड राजवटीकडे येऊ. देवगडच्या बख्त बुलंदाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. देवगड सातपुड्यात, नागपूर मैदानात; मधला मुलूख हाच. गोंड समाजात शिकार हा राजेपणाचा खास अधिकार नव्हता. ती अन्नाची गरज होती आणि समाजजीवनाचा भागही. त्याच समाजाचे प्रधान भाट ‘बाना’ या वाद्यावर देवांच्या आणि राजांच्या कथा गात. येथे शिकारी आणि कलावंत एकाच वस्तीत राहत होते. प्रदेश निवडून येण्याचा प्रश्नच नव्हता.

१२/ मग आला बाहेरून येऊन निवड करणारा माणूस. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या दरबारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन इंग्रजांचा वकील म्हणून आला आणि काही वर्षे नागपुरात राहिला. भाल्याने रानडुकराची शिकार आणि ग्रीक-लॅटिन ग्रंथांचे वाचन, हे त्याचे दोन नाद. हाच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याने हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. आपल्या प्रश्नाचा मूर्तिमंत नमुना म्हणावा असा हा गृहस्थ! मात्र तो पाहुणा होता. रानाचे नियम करणे अजून त्याच्या हाती नव्हते.

१३/ १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि नियम करणारे हात बदलले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात परवानगीशिवाय शिकार करणे हा गुन्हा ठरला. परवाना मिळवणे साहेबाला सोपे होते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानावर जगणारा गोंड मात्र गुन्हेगार ठरू लागला. साहेबाच्या शिकारीत त्याला स्थान मिळाले ते रान उठवणाऱ्या हाकाऱ्याचे.

१४/ या काळाने साहित्य दिले नाही असे नाही. खाप्याच्या ईशान्येला असलेल्या सिवनीच्या रानावर स्टर्नडेलचे शिकारी जीवनाचे पुस्तक १८७७ मध्ये निघाले. रुडयार्ड किपलिंगने १८९४ च्या ‘द जंगल बुक’मध्ये मोगलीला त्याच सिवनीच्या डोंगरांत आणि वैनगंगेच्या काठी वाढवले. किपलिंगने ते रान स्वतः पाहिले नव्हते, असे मानले जाते. रान येथले, वाचक लंडनचे, आणि हाकारा दोन्हींकडे निनावी.

१५/ या सगळ्यात खापा कोठे आहे? खाप्याने राजकवी दिला नाही, साहेबाचे शिकारीपुस्तकही दिले नाही. खाप्याची कला होती विणकाम. कोष्ट्यांचे माग, सुती कापड, सुताला खळ देण्याची पाजणी, आणि या साऱ्याला लागणारे नदीचे पाणी. १८६७ मध्ये येथे नगरपालिका झाली, यावरून त्या काळी या गावाला काय महत्त्व होते ते कळते. ‘कला’ म्हटले की आपल्याला काव्य आणि चित्र आठवते. माग आठवत नाही, हा आपल्या इतिहासलेखनाचा दोष आहे.

१६/ विणकराने प्रदेश निवडला तो वेगळ्या कसोटीवर: पाणी, सूत आणि बाजार. म्हणून राजधानी हलली, राजवटी बदलल्या, तरी माग चालू राहिले. त्यांच्यावर खरा आघात केला गिरणीने. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि हातमागाची पीछेहाट होत गेली. पुढे मनसर आणि खाप्याजवळचे गुमगाव येथे मँगनीजच्या खाणी निघाल्या. रान आणि माग या दोघांनाही नवे गिऱ्हाईक भेटले, आणि ते दोघांपेक्षा बलवान होते.

१७/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग कायद्याने संपवले. १९७५ मध्ये महाराष्ट्रातील पेंच राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, १९९९ मध्ये ते व्याघ्रप्रकल्प झाले. बंदूक गेल्यावर विदर्भाच्या रानाची कला आटली का? उलट झाले. तरुणपणी शिकारीचा नाद असलेल्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिले ते अभयारण्यात राहून. नवेगावबांध-नागझिऱ्याच्या रानात नोकरी केलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. दुष्यंताने बाण उतरवल्यावर जे घडले, तेच मराठी साहित्यात पुन्हा घडले.

१८/ येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. राजांनी आणि साहेबांनी शिकारीसाठी राने राखली, म्हणूनच ती आज उरली. एरवी ती केव्हाच नांगराखाली गेली असती. यात तथ्य आहे. आजची कित्येक अभयारण्ये जुन्या शिकारराखीव रानांवरच उभी आहेत. पण राखणे आणि मक्ता घेणे यांत अंतर आहे. कौटिल्याने मृगवनाएवढेच अभयारण्य आखले होते. १८७८ चा कायदा सारे रान सरकारच्या हाती देतो आणि परवाना कोणाला द्यायचा तेही सरकारच ठरवते. रान टिकले, पण त्यातल्या माणसाचा हक्क टिकला नाही.

१९/ म्हणून माझे मत असे. शिकार आणि कला दोहोंना मानवणारा प्रदेश निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बाण जेथे थांबतो अशी रेषा तेथे आहे का आणि बलवानही ती पाळतो का? दुसरी, पाहुणचाराचा खर्च कोण उचलतो? तिसरी, आश्रयदाता निघून गेल्यावर तेथली कला जगते का?

२०/ वाकाटकांचा मुलूख पहिल्या कसोटीवर निदान आदर्शापुरता उतरतो, दुसरीवर अर्धाच. साहेबांचा मध्यप्रांत दुसऱ्या कसोटीवर साफ नापास होतो. तिसऱ्या कसोटीवर सर्वांत दीर्घकाळ टिकलेले नाव आहे खाप्याच्या मागाचे आणि प्रधानांच्या बान्याचे. ज्यांनी प्रदेश ‘निवडला’ त्यांच्यापेक्षा, जे तेथे राहिले त्यांची कला अधिक चिवट ठरली.

२१/ हा प्रश्न आजचाही आहे. जंगलालगतच्या जागा, सफारी, त्यांच्या आसपासची विश्रामगृहे आणि कलाशिबिरे, हे मृगवन-तपोवनाचेच नवे रूप आहे. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, हे चांगलेच झाले. पण वाघाच्या मागे गाड्यांची रांग लागते तेव्हा रेषा कोठे आहे? गाडी चालवणारा, वाट दाखवणारा आणि स्वयंपाक करणारा स्थानिक माणूस मालकही होतो, की पुन्हा हाकाराच राहतो? विश्रामगृहातील पडदे आणि चादरी येथल्या मागावरच्या असतात का?

२२/ तरुण मित्रांनो, नगरधन-मनसर-रामटेक पाहायला जाल तेव्हा एक दिवस वाढवा आणि कन्हानच्या काठाने खाप्यालाही जा. मंदिराचे शिल्प पाहताना त्याच मुलखातील गवत, कातडी आणि कोळसा देणारी गावे आठवा. आणि आजीबाईंच्या पेटीत जुने हातमागाचे लुगडे असेल तर ते कोणत्या गावचे, हे विचारून लिहून ठेवा. ताम्रपट जतन करायला संग्रहालये आहेत. ही नोंद मात्र आपल्यालाच करावी लागेल.

(धागा समाप्त)