अंजनवेलचा गॅस आणि आपली युरियाची गोणी

गुहागर तालुक्यातील अंजनवेलच्या टर्मिनलची क्षमता वर्षाला 50 लाख टन एलएनजीची. पण लाटा अडवणारा बांध, म्हणजे ब्रेकवॉटर, पुरा नसल्याने वर्षानुवर्षे पावसाळ्यात तिथे जहाजे लागत नसत. बांधामुळे बंदर बारमाही होते.

आपला संबंध युरियाशी. नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया बनतो. तरी गोणी स्वस्त होईल असे धरू नका. 45 किलोच्या गोणीचा दर सरकार ठरवते. वायू महागला की भार अनुदानावर पडतो. बांध लाटा अडवतो, परदेशातील भाववाढ नाही.

आपल्या हाती बचत आहे: भाताला युरिया एकदम न टाकता तीन हप्त्यांत, खाचरातील पाणी कमी करून द्या.