घरातलं विज्ञान : लोहचुंबकाची आरपार ओढ

मैत्रिणींनो, टाचण्यांची डबी जमिनीवर उपडी झाली की एकेक टाचणी वेचत बसण्यापेक्षा लोहचुंबक फिरवावा, हे आपल्याला ठाऊक असतं. पण चुंबक नुसता जवळ आला तरी टाचणी उडी मारून त्याला चिकटते, ती का? मुलं विचारतात आणि आपण ‘चुंबक आहे ना तो!’ म्हणून वेळ मारून नेतो. आज त्याचं उत्तर पाहू या.

चुंबकाची ओढ त्याच्या अंगापाशी संपत नाही. ती भोवताली काही अंतरापर्यंत पसरलेली असते. त्या टापूला म्हणतात चुंबकीय क्षेत्र. ते डोळ्यांना दिसावं म्हणून एक गंमत करा. ग्रिल बनवणाऱ्याकडून चिमूटभर लोखंडाचा कीस आणा. चुंबकावर जाडसर कागद ठेवा, वर कीस भुरभुरा आणि कागदाला हलकेच टिचकी मारा. कीस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कमानी करून बसेल आणि टोकांपाशी त्याची दाटी होईल. ही टोकं म्हणजे उत्तर आणि दक्षिण ध्रुव. दोन चुंबकांचे विरुद्ध ध्रुव एकमेकांना ओढतात, सारखे ध्रुव दूर ढकलतात.

यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की, मध्ये कागद असूनही ओढ थांबली नाही. कापड, काच, लाकूड, कातडी, सगळ्यांतून ती आरपार जाते. अंतर वाढलं की मात्र झपाट्याने कमी होते.

या गुणाचा स्वयंपाकघरात किती उपयोग! फ्रिजच्या दाराच्या मऊ पट्टीत चुंबकाची पट्टी दडलेली असते. तीच दार घट्ट ओढून धरते. पट्टीच्या घड्यांत चिकटा साठला की अंतर पडतं, गारवा बाहेर जातो आणि विजेचं बिल वाढतं. कागदाचा कपटा दारात धरून दार लावा. तो सहज निसटला तर पट्टी साबणाच्या कोमट पाण्याने पुसून कोरडी करा.

इंडक्शनच्या शेगडीतही काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र वर येतं आणि भांड्याचा बूडच तापवतं. म्हणून नवं भांडं घेताना पर्समध्ये चुंबक ठेवा. बुडाला घट्ट चिकटला तर भांडं चालेल. बिडाचा तवा चालतो; नुसत्या ॲल्युमिनियमचं, तांब्याचं किंवा पितळेचं भांडं साध्या इंडक्शनवर चालत नाही. स्टीलचं मात्र प्रत्येक भांडं तपासून घ्यावं, कारण काही स्टीलला चुंबक चिकटतच नाही.

आता जिवावरची गोष्ट. 1980च्या दशकात निओडिमियम या धातूचे अतिशय जोरकस चुंबक निघाले. ते मुगाच्या दाण्याएवढे असले तरी ओढ विलक्षण असते. खेळण्यातले चुंबकी मणी, कान न टोचता घालायच्या कुड्या, फ्रिजवर लावायची चित्रं यांत ते असू शकतात. असे दोन चुंबक मुलाच्या पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात. मधली आतड्याची भिंत चिमटीत सापडते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिला भोक पडू शकतं. एक चुंबक आणि एखादा लोखंडी तुकडा गेला तरी हाच धोका.

सुरुवातीला मूल खेळत असतं, किंवा थोडी उलटी, थोडी पोटदुखी एवढंच दिसतं. म्हणून ‘केळं खाऊ घाला, शौचावाटे पडेल’ असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. उलटी करवू नका, जुलाबाचं औषध देऊ नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय खायला-प्यायला देऊ नका. तडक मोठ्या रुग्णालयात जा आणि ‘चुंबक गिळलाय’ हे शब्द आधी सांगा. क्ष-किरण फोटोत चिकटलेले दोन चुंबक एकच वाटू शकतात. म्हणून खेळण्यातले उरलेले मणी मोजून सोबत न्या. नुसता संशय असला तरीही जा.

आजच खेळण्यांचा डबा एकदा उपसून पाहा. सुटे, सैल झालेले चुंबक कुलपात ठेवा. आणि हो, लहान मूल असलेल्या शेजारणीच्या कानावरही हे घाला.