प्रकाशक म्हणून आपलेच नाव



महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील बायकांनी जमिनीतल्या हिश्श्याबद्दल सांगितलेल्या अनुभवांचे पुस्तक मी लिहून पुरे केले आणि स्वतःच छापले. प्रकाशकाच्या जागी माझेच नाव आहे. गठ्ठे घरी आले तेव्हा आनंद झालाच, पण त्याहून जास्त धास्ती वाटली. तिच्याविषयी लिहिते आहे, कारण आपल्यातल्या कितीतरी जणी आज स्वतः पुस्तक काढायचा विचार करत आहेत.

प्रकाशक मिळाला नाही की माणूस स्वतः छापतो, असा समज आहे. आम्हाला प्रकाशक मिळत होता. त्याची अट एकच: सातबाऱ्याची, हक्कसोडपत्राची प्रकरणे कमी करा, बायकांनी काय सोसले ते वाढवा. ही अट मानली असती तर पुस्तक उरलेच नसते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्याने मिळाला. तरी महामार्गाच्या रुंदीकरणात जमिनीचा मोबदला यायची वेळ झाली, की मुंबईहून भाऊ येतो आणि बहिणीपुढे सहीचा कागद ठेवतो. बायकांना सांगायचे होते ते हेच. त्यातला कागद काढून नुसते अश्रू ठेवायचे, तर ते पुस्तक कुणाचे?

पण प्रकाशक नसला की आडोसाही नसतो. सांगणारी बाई त्याच वाडीत राहते, त्याच भावकीत तिला लग्नकार्याला जायचे असते. म्हणून छपाईला देण्याआधी सवला बैठक घेऊन आम्ही सगळा मजकूर मोठ्याने वाचला. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही तो तपासला. एकीने दोन परिच्छेद काढायला लावले, ते काढले. दुसरीला मी म्हटले, नाव बदलूया. ती म्हणाली, "ताई, नाव टाक माझा. बापाच्या जमिनीत हिस्सा मागितला, चोरी नाय केली." ते नाव तसेच छापले आहे. काय राहील आणि काय जाईल हे सांगणारीने ठरवायचे, एवढ्यासाठी स्वतः प्रकाशक होण्याचा खटाटोप मला मोलाचा वाटतो. अक्षरजुळणी, मुद्रिते तपासणे, कागदाचा खर्च हे सगळे त्यानंतरचे.

खरी धास्ती पुढची आहे. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्याची बाजू घेतली. तरी पुढे ते विस्मरणात गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशित केले तेव्हा लोकांसमोर आले. मधली ९३ वर्षे ज्या बायकांना त्याची गरज होती, त्यांच्या हाती ते नव्हते. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाबद्दल आपण लहानपणापासून ऐकतो, पण आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचे काम पुस्तकरूपाने नीट समोर यायला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली यावे लागले.

आमच्याही प्रती ५०० आहेत. प्रकाशकाकडे विक्रेते असतात, आपल्याकडे गट आहेत. शहरात सभागृह घेऊन प्रकाशन समारंभ करायचा, हार-तुरे घ्यायचे आणि गठ्ठे माळ्यावर टाकायचे, हे आपल्या चळवळीत पुष्कळदा घडते. मला ते नको आहे. पहिल्या प्रती सांगणाऱ्या बायकांच्या घरी पोहोचल्या. आता बचत गटाच्या बैठकीत, हप्ते गोळा झाल्यावर, एकेक प्रकरण वाचायचे असे ठरवले आहे.

तुमच्या गटातही असे वाचन ठेवा. आणि तुम्ही पुस्तक काढणार असाल, तर छापखान्याचा हिशेब मांडण्याआधी एक ठरवा: ते आधी कुणाला वाचून दाखवणार?