शिकलेलं मत, शहाणं मत

निवडणूक आली की पांढरपेशा गळा काढतो : ह्या अडाणी झोपडपट्टीला मताचा हक्क दिलाच कशाला? बाटली दिली की बटण दाबतात साले! मुलुंडच्या बागेत, बोरिवलीच्या सोसायटीत, अंधेरीच्या ऑफिसात मी हे ऐकत आलोय. बोलणारे सगळे डिग्रीवाले. म्हणून एकदा हिशोब मांडतो.

डिग्रीचा आणि पक्षाचा संबंध आहे, हे खोटं नाही. 2014 च्या लोकसभेला सीएसडीएस-लोकनीतीनं मतदारांना विचारलं, तेव्हा भाजपचा जोर निरक्षरांपेक्षा कॉलेज शिकलेल्यांत जास्त निघाला. पांढरपेशा म्हणतो, बघा, शिकलेला विचार करून मत देतो. मी म्हणतो, थांब. कॉलेजात आधी पोचलं कोण? ज्याच्या आज्याला वर्गात बसवलं तो. ज्याच्या आज्याला पायरीशी बसवलं त्याचा नातू अजून रांगेत आहे. शिक्षणाच्या रकान्यात तुम्ही जात आणि पगारच मोजता. घर, जात, धंदा बघून सगळेच मत देतात. फ्लॅटवाल्यानं दिलं तर तो विचार, झोपडीवाल्यानं दिलं तर व्होट बँक? वा रे न्याय!

ही बोंब जुनीच आहे. इंग्रजाच्या राज्यात मताला मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या. 1928 साली सायमन कमिशनपुढं बाबासाहेबांनी सगळ्या प्रौढांना मत मागितलं. 1929 च्या अहवालात त्यांनी साक्षरतेच्या अटीचे वाभाडे काढले. निरक्षर म्हणजे बिनडोक नव्हे, आणि अक्षर आलं म्हणजे अक्कल आली असंही नव्हे. ज्यांनी शिकू दिलं नाही त्यांनीच अडाणी म्हणून मत नाकारायचं, हा कुठला धर्म?

आता घाटकोपर बघा. 11 जुलै 1997. रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा मेले. राज्य युतीचं होतं. 1998 ला रिपब्लिकन गट एक झाले, काँग्रेसशी समझोता केला, आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले असे चौघे लोकसभेत गेले. घाटकोपर ज्यात येतं त्या ईशान्य मुंबईत प्रमोद महाजन पडले, गुरुदास कामत आले. एकट्या रमाबाई नगरानं पाडलं असं मी म्हणत नाही. पण गोळी कुणाच्या राज्यात सुटली हे अंगठा उठवणाऱ्या म्हातारीला नीट ठाऊक होतं. 1999 ला ऐक्य फुटलेलं, जागा परत भाजपकडे. ऐक्य फोडणारे अडाणी नव्हते हो!

आणि शिकलेल्याला जादा मत आजही आहेच. विधान परिषदेच्या 78 जागांत 7 पदवीधरांच्या, 7 शिक्षकांच्या. गवंड्याची जागा कुठंय? गटारात उतरणाऱ्याची?

दोस्तहो, आता आपल्याकडे वळतो. 18 मार्च 1956 ला आग्र्यात बाबासाहेबांनी, शिकलेल्यांनीच दगा दिला, अशी खंत बोलून दाखवली. त्या शिकलेल्यांची पिलावळ आज उपनगरात फ्लॅट घेऊन बसलीय. दारावरच्या पाटीवर आडनाव गाळतात. वॉचमनशी हिंदीत बोलतात. सोसायटीत बसून वस्तीला नावं ठेवतात, आणि वस्तीतल्या आईला फोनवर सांगतात, ह्याला मत दे. आई ऐकते आणि तिला द्यायचं त्यालाच देते. त्या घरात शहाणं कोण?

शिकू नका असं मी म्हणत नाही. शिकाच. पण वस्तीला मत शिकवायला जाऊ नका. तिला पाणी कुणी तोडलं, रेशन कुणी अडवलं, हे पाठ आहे. तुमची डिग्री लागते ती दुसऱ्याच कामाला. मतदार यादीतून उडालेली नावं शोधा. झोपु योजनेची पात्र-अपात्र यादी वाचून दाखवा. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला नव्यानं होते, त्यात आपल्या बीए-बीकॉम पोरांची नावं घाला.

एवढं केलंत तर शिकलात. नाहीतर भिंतीवर डिग्रीची फ्रेम आहेच, पुसत बसा.