सहलीतली एक दुपार रेल्वेच्या दुकानाला



परदेशी सहलीच्या कार्यक्रमात चॉकलेटच्या दुकानाला एक तास असतो, घड्याळांच्या दुकानाला एक तास, आणि आउटलेट मॉलला सरळ अर्धा दिवस. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण आमच्या ह्यांनी छोट्या आगगाड्यांच्या दुकानासाठी दोन तास मागितले की बसमध्ये हशा पिकतो. "काका, नातवासाठी का?" नाही हो, स्वतःसाठी! निवृत्तीनंतर माणूस सकाळी उठून कशाची तरी वाट पाहतो आहे, ही घरासाठी केवढी मोठी गोष्ट आहे ते ज्यांच्या घरी तसं नाही त्यांना विचारा. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरात हा छंद कुणाला असेल तर सहलीतली एक दुपार त्याच्या नावावर ठेवावी.

"ऑनलाइन मिळतं की सगळं," असं मुलं म्हणतात. मिळतं, पण इंजिन रुळावर सुरळीत चालतं की अडखळतं, ते फोटोत कळत नाही. चांगल्या दुकानात काउंटरवरच हातभर रूळ मांडलेला असतो. दुकानदार गाडी खोक्यातून काढून पुढेमागे चालवून दाखवतो, मगच पैसे घेतो. तो रूळ दिसला नाही तर मी ह्यांना म्हणते, "अहो, चला पुढे."

आणखीही खुणा आहेत. सुट्या भागांचे खण, मागे दुरुस्तीचं टेबल, आणि जुन्या गाड्यांचं कपाट. त्या कपाटात एखाद्या आजोबांचा अख्खा संग्रह मूळ खोक्यांसकट विकायला आलेला असतो. आणि दुकानदाराने पहिला प्रश्न "गेज कोणतं?" असा विचारला, तर दुकान बरोबर सापडलं म्हणायचं. "बजेट किती?" विचारणारा नुसता खेळणीवाला.

अशी दुकानं मुख्य चौकात का नसतात, हे मला बी.कॉम.च्या अभ्यासामुळे चटकन समजतं. हा मंद खपाचा माल. एक सिग्नलचा खांब दोन वर्षं खणात पडून राहतो. असा माल चौकातलं भाडं कसं भरणार? म्हणून जर्मनीत ती गल्लीत असतात, तोक्योच्या अकिहाबारात इमारतीच्या वरच्या मजल्यांवर. नकाशावर इंग्रजीत शोधू नका. जर्मनीत 'मोडेलबान' आणि जपानमध्ये 'तेत्सुदो मोकेई' हे शब्द तिथल्या लिपीत टाका. आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे ही दुपार शनिवारच्या आत बसवा.

जायच्या आधी घरी एकच गोष्ट ठरवायची, ती म्हणजे गेज. एच-ओ म्हणजे मूळ गाडीच्या सत्याऐंशीवा भाग, त्यात जर्मन डबा जवळजवळ ३० सेंटिमीटरचा होतो. जपानी एन गेज १:१५० चं, रूळ ९ मिलिमीटरचा, आणि डबा साधारण १३ सेंटिमीटरचा. दोन खोल्यांच्या घरात जेवणाच्या टेबलावर काय मावेल, हे तुम्हीच सांगा.

जर्मनीत आणखी एक मेख आहे. म्यार्कलिनच्या एच-ओ गाड्या मधल्या तिसऱ्या वाहकावर चालतात. तो स्लीपरमध्ये लपलेल्या ठिपक्यांसारखा असतो. घरी साधे दोन रूळ असतील तर ती गाडी तिथे चालणार नाही, त्याच कंपनीची ट्रिक्स घ्यावी लागते. या म्यार्कलिनची गोष्ट मला फार आवडते. १८५९ साली ग्योपिंगनला कंपनी सुरू झाली ती बाहुलीघरातली पत्र्याची भांडीकुंडी बनवत! १८६६ मध्ये मालक गेले आणि धंदा त्यांच्या पत्नीने, कारोलीनबाईंनी सांभाळला. आगगाड्या आल्या त्या पुढे मुलांच्या काळात. भातुकलीतून रेल्वे निघाली, हे आमच्या ह्यांना मी अधूनमधून ऐकवते.

जपानहून गाडी आणा, रूळ आणा, पण वीज देणारा पॅक आणू नका. तिथली वीज १०० व्होल्ट, आपली २३०. पिन बदलणारा अ‍ॅडॅप्टर व्होल्ट बदलत नाही, पॅक जळून जाईल. जर्मनीची वीज आपल्यासारखीच, तिथला पॅक चालतो.

आता हिशेब. जर्मनीत एका दुकानात ५० युरोच्या वर खरेदी झाली तर आपल्यासारख्या प्रवाशाला १९ टक्के कर परत मिळू शकतो. पण तो कर किमतीत धरलेला असतो, म्हणजे ११९ युरोच्या इंजिनात १९ युरो, आणि त्यातूनही मधली कंपनी आपली फी कापते. बिलाबरोबर फॉर्म मागून घ्या, आणि विमानतळावर शिक्का मिळेपर्यंत माल मोठ्या बॅगेत घालून पाठवू नका, दाखवावा लागतो. ब्रिटनमधल्या दुकानांत २०२१ पासून ही सवलतच नाही.

सामानाच्या वजनाची चिंता मला नसते. जाताना खाकऱ्याचे डबे, येताना त्याच डब्यांत गाडीचे डबे.

परदेश लांबचा वाटत असेल तर आधी पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून या. तिथे तासभर उभं राहिल्यावर आपल्याला हे खरंच हवं आहे का, ते कळतं.

यंदा आमची जपानची सहल ठरते आहे. आलेल्या कार्यक्रमपत्रिकेत अकिहाबारासमोर 'फोटो थांबा, वीस मिनिटं' असं लिहिलंय. मी सहलवाल्यांना दोनदा फोन केला आहे. बघू काय म्हणतात ते.