माया, अस्तर आणि ‘साचेबद्ध’ हा शेरा

‘साचेबद्ध’ हा शब्द आपण मराठीचे अध्यापक फार सहज वापरतो. कथा साचेबद्ध, गझल साचेबद्ध, विद्यार्थ्यांचे लेखन तर हमखास साचेबद्ध. पुण्यातल्या एका महाविद्यालयात शिकवीत असताना मीही हा शेरा लाल शाईने कितीदा तरी मारला आहे. एकदा एका विद्यार्थिनीने जात्यावरच्या ओव्यांच्या धर्तीवर वसतिगृहातील दिवसांविषयी ओव्या लिहून आणल्या. मी वर ‘साचेबद्ध’ असे लिहून वही परत केली. तिने विचारले, “म्हणजे नेमके कुठे, बाई?” मला उत्तर देता आले नाही. तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटले.

हा प्रसंग आठवण्याचे कारण साहित्यिक नाही. गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस मी एक अस्तराचे जाकीट शिवायला घेतले. सध्या माझे वास्तव्य मॅसॅच्युसेट्समध्ये असते. इथला वसंत दिनदर्शिकेवर येतो, अंगाला मात्र जाणवत नाही. एप्रिलमध्ये जाड कोट नकोसा होतो आणि नुसत्या स्वेटरवर भागत नाही. त्या मधल्या दिवसांसाठी सुती गॅबर्डिनचे, आतून अस्तर लावलेले हलके जाकीट हवे होते. त्याचा कागदी नमुना (इथे त्याला पॅटर्न म्हणतात, मीही तेच म्हणते) पाकिटात विकत मिळतो. पाकिटावर ऐटीत उभ्या असलेल्या बाईचे चित्र, आत टिश्यू कागदाचे घडी घातलेले ताव आणि सूचनांचे पत्रक.

या पाकिटांचा एक मोठा उगम योगायोगाने याच राज्यातला. स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले. आधी पुरुषांच्या नि मुलांच्या कपड्यांचे, पुढे स्त्रियांच्या. त्यापूर्वी मासिकांतून मिळणारे नमुने बहुधा एकाच मापाचे असत आणि घरी ते लहानमोठे करून घ्यावे लागत. बटरिकच्या कागदांवरही सुरुवातीला छपाई नव्हती. होती ती टोचलेली भोके. कोणते भोक टक्सचे, कोणते घडीचे, हे शिवणारीने ओळखायचे. छापील रेषा आणि अक्षरे आली ती १९२० च्या दशकात. तोवर बायका ही भोकांची लिपी वाचून घरादाराचे कपडे शिवीत होत्या. याला आपण वाचन म्हणत नाही. म्हणायला हवे असे माझे मत आहे. असो.

पाकीट उघडल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की पॅटर्न माझ्यासाठी आखलेला नव्हता. या अमेरिकी नमुन्यांत साधारण साडेपाच फूट उंचीची, ठरावीक बांध्याची एक बाई गृहीत धरलेली असते. मी जेमतेम पाच फूट. (वोल्फगांग इझरचा ‘अभिप्रेत वाचक’ वर्गात शिकवताना हे उदाहरण हाताशी असते तर माझे आणि विद्यार्थ्यांचे पुष्कळ हाल वाचले असते.) पण पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. पाठीच्या आणि पुढच्या भागांवर, कंबरेच्या थोडे वर, दोन समांतर रेषा छापलेल्या असतात आणि त्यांच्याजवळ ‘येथे लांब अथवा आखूड करा’ अशा अर्थाची सूचना. जाकीट खालून कापले तर ते आखूड होईल खरे, पण कंबर कुल्ल्यांवर येईल आणि खिसे भलतीकडेच जातील. म्हणून पॅटर्न स्वतःच सांगतो की मला मोडायचे तर इथे मोडा. शाडूच्या गणपतीचा साचा असे कधी सांगत नाही. साच्यात ओततात; कापड बेततात. मराठीत ही दोन वेगळी क्रियापदे आहेत आणि आपल्या समीक्षेने नेमके पहिलेच उचलले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केशवसुतांनी इंग्रजी सॉनेट मराठीत आणले, तो परका पॅटर्नच होता. इंग्रजीतली ओळ साधारण दहा अक्षरांची आणि आघातांवर चालणारी. मराठीत तसला आघात नाही, तेव्हा आपल्या सुनीतकारांनी बहुधा एकोणीस अक्षरांचे शार्दूलविक्रीडित घेतले. चौदा ओळी राहिल्या, पण प्रत्येक ओळ जवळजवळ दुपटीने रुंद झाली आणि चाल पार बदलली. कापडाचा उभा-आडवा धागाच निराळा होता, तेव्हा बेतणे निराळे झाले. याला कोणी ‘साचेबद्ध’ म्हणेल का?

शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. इतका सुंदर पारिभाषिक शब्द आमच्या विषयात एकही नाही. अमेरिकी पाकिटातल्या नमुन्यांत बहुधा ५/८ इंच, म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर माया धरलेली असते. जर्मनीच्या ‘बुर्डा’ मासिकाच्या तावांवर ती नसते. एकमेकींवरून गेलेल्या रेषांच्या जंजाळातून आपली रेषा गिरवून काढायची आणि माया आपली आपण सोडायची.

माझी खरी फजिती अस्तरात झाली. अस्तराच्या पाठीला मधोमध एक उभी घडी धरलेली होती, इंचभर तरी. मला ती उधळपट्टी वाटली. बाहेरचे कापड जेवढे तेवढेच आतले, असा हिशेब करून मी ती घडी गाळली. जाकीट आरशात उत्तम दिसले. पहिल्याच दिवशी बसमध्ये वरची दांडी धरायला हात उंचावला आणि पाठीत टर्रकन आवाज झाला. अस्तराचे कापड ताण घेत नाही. हात पुढे-वर जातात तेव्हा पाठ रुंदावते, ती जागा त्या घडीतून मिळायची असते. खालच्या दुमडीतही अस्तराला थोडी ढील ठेवतात ती याचसाठी. आरशापुढे हे कळत नाही, कारण आरशापुढे कोणी हात वर करीत नाही. सगळे अस्तर उसवून नवे बेतावे लागले.

यावर कोणी म्हणेल की खरोखरच निर्जीव, ठोकळेबाज लेखनही असते. असते, आणि पुष्कळ असते. पण तिथे दोष पॅटर्नचा नसतो, माप न घेतल्याचा असतो. शिंपी कपड्याला नुसते ‘वाईट’ म्हणत नाही. ‘मुंढ्यात अर्धा इंच दाटतेय’ म्हणतो आणि तिथे खडूची रेघ ओढतो. आमच्या शेऱ्यांत हे खडूचे बोट नसते.

त्या विद्यार्थिनीला आज मला उत्तर देता येईल. तिच्या चौथ्या ओवीत ‘भाऊराया’ आला तो केवळ ओवीच्या सवयीने. तिला भाऊ नव्हता, हे तिनेच पूर्वी कधीतरी सांगितले होते. तेवढी एक शिवण उसवायची होती. बाकीच्या ओव्या अंगाला बसल्या होत्या.