८८६ बाय १९२०

ज्यांनी आयफोनचं ॲप स्टोअरवर चढवलंय त्यांना हा आकडा झोपेतून उठवून विचारलात तरी सांगता येईल. बाकी मंडळींसाठी: ॲपच्या पानावर स्क्रीनशॉट्सच्या आधी जो छोटासा व्हिडिओ आपोआप सुरू होतो ना, तो 'ॲप प्रिव्ह्यू'. होम बटण नसलेल्या आयफोनसाठी उभा प्रिव्ह्यू द्यायचा तर तो नेमका ८८६ बाय १९२० पिक्सेलचा लागतो. दोन पिक्सेल इकडेतिकडे झाले की फाइल परत.

आता ८८६ पिक्सेल रुंदीचा आयफोन दाखवा मला. नाहीच! आयफोन १२चा पडदा ११७० बाय २५३२, १५ प्रो मॅक्सचा १२९० बाय २७९६. म्हणजे ॲपलच्या फोनवर, ॲपलच्याच स्क्रीन रेकॉर्डिंगने केलेली फाइल ॲपलच्याच दुकानात जशीच्या तशी चालत नाही. आहे की नाही गंमत?

माझा राग नियमांवर नाही, हे आधीच सांगून टाकतो. प्रिव्ह्यू १५ ते ३० सेकंदांचाच हवा, हे उत्तम. नाहीतर आपले मार्केटिंगवाले बंधू पाच मिनिटांचं माहितीपट काढतील. आणि त्यात ॲपच्या पडद्याचंच चित्रण हवं (नियम २.३.४), सोफ्यावर बसून हसणारं कुटुंब नको, हा तर सोन्यासारखा नियम. हे ग्राहकाच्या भल्याचं आहे आणि ते माणसानेच पाळायचं आहे.

पण ८८६ हे कुणाच्या भल्याचं? हे निव्वळ गणित आहे, आणि गणित मशीनने करायचं असतं. शिवाय गणितही सरळ नाही. आयफोन १२चं रेकॉर्डिंग १९२० उंचीवर आणलं की रुंदी येते ८८७, विषम. नेहमीच्या एच.२६४ एन्कोडिंगला सम आकडाच लागतो, तिथेच एरर. ८८६ रुंदीवर आणलं तर उंची १९१७, तीन पिक्सेल कमी. मग ८८८ बाय १९२२ करून चारही बाजूंनी एकेक पिक्सेल छाटायचा. (हा उपाय चालतो, वापरा खुशाल.) पुढे फ्रेम रेट: फोन ६०पर्यंत रेकॉर्ड करतो, तोही कमीजास्त होत राहतो, आणि दुकानाची मर्यादा ३०. वर आवाजाची तऱ्हा. स्टोअरमध्ये प्रिव्ह्यू आपोआप चालतो तो आवाज बंद ठेवून, पण फाइलमध्ये स्टिरिओ ट्रॅक पाहिजेच. म्हणून लोक चक्क एफएफएमपेगने 'शांतता' तयार करतात आणि ती व्हिडिओला जोडतात. दोन्ही कानांना वेगवेगळी शांतता!

यावर ठरलेलं उत्तर येतं, "स्पेक्स वाचा ना राव, आणि आयमूव्ही फुकट आहे." बरोबर, आहे. २०१४मध्ये प्रिव्ह्यू आले तेव्हापासून आयमूव्हीत त्याची वेगळी सोयही आहे. पण म्हणजे हे रूपांतर कसं करायचं ते ॲपलला पुरतं ठाऊक आहे. मग तेच सर्व्हरवर का करत नाहीत? अपलोडनंतर प्रक्रियेला २४ तासांपर्यंत लागू शकतात असं तेच सांगतात. त्या २४ तासांत चार पिक्सेल छाटायला सवड मिळत नाही? समोर गुगल प्लेकडे बघा. ते यूट्यूबची लिंक मागतात, बस. यूट्यूबवर कुठल्याही मापाचं काहीही टाका, कापाकापी ते बघून घेतात. (जाहिराती बंद ठेवा एवढीच कटकट.)

मोठ्या कंपन्यांना याची झळ लागत नाही, त्यांच्याकडे व्हिडिओवाला पगारावर असतो. झळ लागते ती नोकरी सांभाळून रात्री ॲप करणाऱ्या दोघातिघांना. हिशोब करा: तीन प्रिव्ह्यू, इंग्रजी आणि हिंदी, आयफोन आणि आयपॅड. झाल्या बारा फाइली. आणि आयपॅडचं माप वेगळंच, १२०० बाय १६००. बटणाचा रंग बदलला की पुन्हा बारा.

मग कंटाळलेला माणूस काय करतो? 'फ्री ऑनलाइन व्हिडिओ कन्व्हर्टर' शोधतो आणि अजून बाजारात न आलेल्या ॲपचं रेकॉर्डिंग अनोळखी सर्व्हरवर चढवून मोकळा होतो. त्या रेकॉर्डिंगमध्ये वर नोटिफिकेशन आलेलं असतं, टेस्ट अकाउंटच्या नावाखाली कुणाचा तरी खरा मोबाइल नंबर असतो. त्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण रात्री दीड वाजता, "माप चुकलं" एवढंच तिसऱ्यांदा सांगणाऱ्या पानासमोर त्याला बसवलं कुणी?

किमान एवढं तरी करा की नाकारताना "तुमची फाइल ११७० बाय २५३२ आहे, ८८६ बाय १९२० करून देऊ का?" असं विचारा. खाली दोन बटणं: 'हो' आणि 'नको'. 'नको' कोण दाबतो ते बघूच.